चाललेल्या गाड्या आणि नुसत्या मांडलेल्या गाड्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकी 'स्वप्नगाड्यां'चे, म्हणजे उद्याची गाडी कशी असेल ते दाखवायला कंपन्यांनी केलेल्या नमुन्यांचे, सचित्र पान आले. मराठीत हा विषय क्वचितच येतो, म्हणून ते आवडीने वाचले. मात्र त्यात दोन चुका राहून गेल्या आहेत आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत. फोर्डची 'न्यूक्लिऑन' अणुशक्तीवर धावली, असे एका चित्राखाली छापले आहे. दुसरीकडे जनरल मोटर्सच्या 'फायरबर्ड' गाड्यांना 'प्रदर्शनापुरते पोकळ सांगाडे' म्हटले आहे. जी कधीच चालली नाही तिला आपण चालवले आणि ज्या चालल्या त्यांना बंद पाडले. नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले दरवर्षी 'भविष्यातील मोटार' बनवतात. त्यातली बरीचशी या जुन्या गाड्यांची चित्रे पाहूनच बनवली जातात, म्हणून हा खुलासा जरा सविस्तर करतो.

१९५८ची न्यूक्लिऑन ही गाडी नव्हती. ते मूळ मापाच्या तीन-अष्टमांश आकाराचे मॉडेल होते. त्यात अणुभट्टी तर नव्हतीच, साधे इंजिनही नव्हते. मागच्या भागात छोटी अणुभट्टी बसेल, तिच्या वाफेवर टर्बाइन फिरेल आणि इंधनाचा गाभा सुमारे ५ हजार मैलांनंतर बदलता येईल, अशी ती कल्पना. किरणोत्साराला अडवायला शिशाचे आवरण लागते. माणसे बसतील इतकी सुरक्षित जाडी द्यायची म्हटली तर त्याचे वजन गाडीच्या चाकांना, ब्रेकना पेलणारे नाही. ही अडचण सोडवणारी भट्टी पुढेमागे कुणीतरी करील, असे गृहीत धरून ते मॉडेल घडवले होते.

पहिल्या तिन्ही फायरबर्ड चालल्या. पहिली १९५३मध्ये तयार झाली आणि १९५४च्या 'मोटोरामा'त लोकांपुढे आली. मोटोरामा म्हणजे जनरल मोटर्सचे फिरते प्रदर्शन. १९४९ ते १९६१ या काळात ते एक कोटीहून अधिक लोकांनी पाहिले. ही पहिली फायरबर्ड एकाच माणसाची, चाके लावलेल्या लढाऊ विमानासारखी होती. आत गॅस टर्बाइन, म्हणजे तापलेल्या वायूच्या झोताने पाती फिरवणारे इंजिन, ताकद ३७० अश्वशक्ती. टर्बाइनचे दोन भाग होते. हवा दाबून ज्वलनाकडे देणारा भाग मिनिटाला २६ हजार फेरे घेई आणि मागच्या चाकांना ताकद देणारा १३ हजार. चाचणीत ताशी १६० किलोमीटरच्या आसपास दुसरा गिअर टाकताच मागच्या चाकांची जमिनीवरची पकड सुटली आणि चालकाने लगेच वेग उतरवला. पोकळ सांगाड्याच्या बाबतीत हे घडत नाही.

तिचे खरे दुखणे मात्र मागच्या नळीत होते. तिथून बाहेर पडणारा वायू सुमारे ६७७ अंश सेल्सियसचा असे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, यावरून अंदाज यावा. सिग्नलला अशी गाडी उभी राहिली तर मागच्या स्कूटरवाल्याचे काय होईल? शिवाय जी उष्णता नळीतून बाहेर जाते ती इंधनाच्याच पैशांची असते. म्हणून १९५६च्या दुसऱ्या फायरबर्डमध्ये रीजनरेटर बसवला. जाळीदार धातूचा ढोल सावकाश फिरत राहतो. त्याचा एक भाग बाहेर जाणाऱ्या तापलेल्या वायूत तापतो, तोच भाग फिरून आत येणाऱ्या हवेत गेला की ती हवा तापवतो. वाया जाणारी सुमारे ८० टक्के उष्णता त्याने परत मिळाली आणि बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान पुष्कळ खाली आले. ताकद २०० अश्वशक्ती, माणसे चार, बॉडी टायटॅनियमची, चारही चाकांना डिस्क ब्रेक. रस्त्यात पुरलेल्या तारेच्या आधाराने गाडी आपोआप चालावी, याची तयारीही तिच्यात होती.

तिसरी १९५८ची. तिच्यात स्टिअरिंग, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांच्या जागी एकच दांडी होती. टर्बाइन २२५ अश्वशक्तीचे होतेच, पण दिवे, एसी, हायड्रॉलिक यांसाठी १० अश्वशक्तीचे वेगळे पेट्रोल इंजिन दिले होते. मुख्य इंजिनावर सगळा भार टाकायचा नाही, ही गोष्ट आज विजेच्या गाड्या बनवणाऱ्या मुलांनी नीट पाहावी. बॅटरीतून मोटारही चालवायची आणि एसीही, असा हिशेब मांडला की किती किलोमीटर कमी होतात ते पहिल्या उन्हाळ्यातच कळते.

टर्बाइनची गाडी पुढे का आली नाही, याचे उत्तर क्रायसलरच्या प्रयोगात आहे. १९६३पासून त्यांनी टर्बाइनच्या ५० गाड्या सामान्य लोकांना वापरायला दिल्या. एकेका कुटुंबाकडे तीन महिने, अशी २०३ कुटुंबे झाली. बॉडी इटलीच्या तुरिन शहरात 'घिया' या कंपनीने घडवल्या होत्या. इंजिन डिझेल, रॉकेल, असे जवळपास काहीही प्यायचे. फक्त शिसे मिसळलेले पेट्रोल त्याला चालत नसे, कारण शिशाचा थर टर्बाइनच्या पात्यांवर बसे. अडचण अशी की त्या काळी अमेरिकेतल्या पंपांवर सर्रास मिळायचे ते नेमके शिशाचेच पेट्रोल. दुसरी तक्रार ॲक्सिलरेटरची. पाय दाबल्यावर ताकद यायला एक ते दीड सेकंद लागे, कारण आधी हवा दाबणारा भाग वेग घेतो आणि मग चाकांना जोर मिळतो. गाडी उभी असतानाही ते इंजिन मिनिटाला २० हजारांच्या आसपास फेरे घेत असे, त्यामुळे शहरात उभ्या उभ्या इंधन जाई. नमुन्याच्या ५ धरून एकूण ५५ गाड्या झाल्या, त्यांतल्या ४६ नंतर मोडीत काढल्या. हे सगळे कळले ते गाडी रस्त्यावर नेली म्हणून.

'ल सेबर'चा आपल्या पानात उल्लेखच नाही, आणि ती सुटणे बरे नाही. जनरल मोटर्सचे रचनाप्रमुख हार्ली अर्ल यांची ही १९५१ची गाडी. इंजिन ॲल्युमिनियमचे, ३.५ लिटरचे, व्ही आकारातले आठ सिलिंडर, वर इंजिनात जास्त हवा कोंबणारा सुपरचार्जर. पेट्रोल आणि मिथेनॉल यांच्या टाक्या वेगवेगळ्या. उघडी गाडी उभी असताना पाऊस आला की आसनांच्या मधला सेन्सर ओला होई आणि छत आपोआप वर येई. वीज १२ व्होल्टची, तेव्हा अमेरिकी गाड्या साधारण ६ व्होल्टच्या असत. दोन-तीन वर्षांत १२ व्होल्ट सर्वसाधारण गाड्यांत येऊ लागले. अर्ल ही गाडी स्वतः रोज वापरत. तिची दोन्ही बाजूंना वळलेली पुढची काचही लवकरच विक्रीच्या गाड्यांत आली. तिच्याबरोबर एक त्रासही आला. काच वळवायची तर तिचा खांब मागे न्यावा लागतो, आणि त्याचा कोपरा चढता-उतरता गुडघ्याला लागतो. जिथे काच जास्त वळते तिथून बाहेरचे दृश्य वेडेवाकडे दिसते. मॉडेलमध्ये ही गोष्ट लक्षात येत नाही, माणूस आत बसवून पाहिला की येते.

आता आपल्याकडच्या मॉडेलांकडे वळतो. थर्माकोल, कार्डशीट आणि वर सिल्व्हर पेंट एवढ्यावर गाडी उभी करण्याची रीत पडली आहे. मागे उंच पंख लावले की ती पन्नासच्या दशकातली दिसते, हे खरे. पण त्या गाड्या ज्या पद्धतीने घडल्या ती पद्धत, म्हणजे आधी मातीचे मॉडेल, त्यावरून साचा आणि साच्यातून फायबरचा भाग, नागपुरात आजही करता येईल. माती, साचा आणि फायबर या तिन्हींची जाणकार माणसे इथेच आहेत. महाल भागातल्या चितार ओळीत जे हात गणपती घडवतात त्यांना आतला सांगाडा, वरचा थर आणि डोळ्याने वळण तपासणे शिकवावे लागत नाही. हिंगणा एमआयडीसीत फायबरचे काम रोज चालते, फायबरचे कूलर तर घरोघरी आहेत.

अर्ल यांनी १९२७मध्ये जनरल मोटर्समध्ये रचनेचा वेगळा विभाग सुरू केला आणि पूर्ण मापाची मातीची मॉडेले तिथे नेमाने होऊ लागली. ही माती आपल्या शाडूसारखी पाण्याची नसते. पाण्याची माती वाळताना आक्रसते, भेगा पडतात आणि महिनाभराने माप बदलते. मोटारीची माती मेण आणि तेल यांची असते, त्यात बहुतेकदा गंधकाची पूड घातलेली असते. ती ५५ ते ६० अंशांवर मऊ करून थापायची, खोलीच्या तापमानाला ती कडक होते आणि मग लोखंडी पात्यांनी खरवडून आकार काढायचा. नागपुरात इथेच पहिली अडचण येते. मे महिन्यात खोलीच ४२-४३ अंशांवर असेल तर माती पुरेशी कडक राहत नाही, कडा खाली बसतात. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करावे, किंवा एसीच्या खोलीत.

४.८ मीटरची गाडी एक-पंचमांश मापात ९६ सेंटिमीटर लांब, ३८ रुंद आणि २८ उंच होते. आधी कागदावर चाकांमधले अंतर, बसलेल्या माणसाची डोक्याची उंची, इंजिन किंवा बॅटरीची जागा आणि दार उघडल्यावर लागणारी जागा काढावी. हे न करता आकार काढला की गाडी सुंदर दिसते आणि आत माणूस मावत नाही. प्लायच्या पाटावर फोमचा ठोकळा अंतिम आकारापेक्षा सगळीकडून दोन सेंटिमीटर कमी ठेवून चिकटवावा. त्यावर माती दोन सेंटिमीटर. एवढ्या गाडीला ती २५ किलोच्या आसपास लागते. पहिला थर अंगठ्याने घासून फोममध्ये रुतवावा, नाहीतर खरवडताना पोपडाच सुटून येतो. दर दहा सेंटिमीटरला प्लायचा छेद-नमुना कापून ठेवावा. अर्धीच बाजू पूर्ण करावी आणि त्याच नमुन्यांनी दुसरी उतरवावी. वळणातला खड्डा बोटाला लागत नाही, पण उजेडात दिसतो. डाय-नॉक नावाची ताणणारी फिल्म ओली करून मातीवर बसवतात आणि तिच्यात ट्यूबलाइटची रेघ कशी पडते ते पाहतात. रेघ कुठे थरथरली तर तिथे माती कमी-जास्त आहे. सपाट पट्टी ठेवून काढलेला पृष्ठभाग रंगवल्यावर आत दबलेला दिसतो, म्हणून दाराला, बॉनेटला थोडा फुगवटा द्यावाच लागतो. मूर्तिकार हे न सांगता करतो, आमच्या मुलांकडून मात्र ते राहून जाते.

साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा चालेल, पण तो तुकड्यांत करावा. चाकांच्या कमानीत, बंपरखाली आकार आत वळतो, तिथे एका तुकड्याचा साचा निघत नाही, मोडतो. आधी माती लाखेच्या वॉर्निशने बंद करावी. गंधकाच्या मातीवर साच्यासाठी प्लॅटिनमच्या साहाय्याने घट्ट होणारे सिलिकॉन थेट ओतले तर ते घट्टच होत नाही, चिकट राहते. प्लास्टरचा साचा पूर्ण वाळू द्यावा. ओलावा राहिला की फायबरचा पृष्ठभाग कच्चा राहतो. वाळल्यावर वॉर्निश, मग मेणाचे चार-पाच हात, वर पीव्हीएचा, म्हणजे भाग साच्यातून सुटावा म्हणून लावतात त्या द्रावाचा, पातळ थर.

जेलकोट, म्हणजे साच्यात सर्वांत आधी द्यायचा रेझिनचा (घट्ट होणाऱ्या चिकट द्रावाचा) थर, अर्धा मिलिमीटर असावा, म्हणजे चौरस मीटरला साधारण ५०० ते ६०० ग्रॅम. तो फार पातळ गेला किंवा पुरता बसण्याआधी वरचा थर दिला तर रेझिनमधले स्टायरिन हे द्रावक जेलकोटला खाते आणि रंगावर मगरीच्या कातडीसारख्या सुरकुत्या येतात. बोट लावल्यावर चिकट लागावा पण बोटाला येऊ नये, तेव्हा काचतंतूंची, चौरस मीटरला ३०० ग्रॅमची एक मॅट आणि ४५० ग्रॅमच्या दोन बसवाव्यात. एकूण जाडी पावणेतीन मिलिमीटरपर्यंत येते. मॅटच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन पुरते, जास्त घातले तर वजन वाढते आणि ताकद घटते. हवा रोलरने काढावी, पांढरा ठिपका म्हणजे आत हवा. तिन्ही थर घाईने एकावर एक चढवले की आतली उष्णता बाहेर पडत नाही, भाग तापतो आणि वाकडा होतो.

रेझिन घट्ट करणाऱ्या हार्डनरची मात्रा इथल्या हवेप्रमाणे बदलावी लागते. २५ अंशांना दीड टक्का, म्हणजे ५०० ग्रॅम रेझिनला साडेसात ग्रॅम दिले तर हाताशी वीस-पंचवीस मिनिटे मिळतात. ४० अंशांना तेच मिश्रण मगातच घट्ट होते. तेव्हा एक टक्का, म्हणजे पाच ग्रॅम घ्यावे. त्याहून खूप खाली उतरू नये, भाग कच्चा राहतो. पहाटे काम उरकणे हा त्याहून चांगला उपाय. पावसाळ्यात मॅट उघडी ठेवू नये. आणि एक गोष्ट कधीच विसरू नये: कोबाल्ट (हार्डनरच्या कामाला वेग देणारे रसायन) आणि हार्डनर एकमेकांत थेट मिसळायचे नाहीत, आग लागते किंवा स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावे, नंतरच हार्डनर. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी हवीच.

याच रीतीने शेव्हरोलेची 'कॉर्व्हेट' घडली. जानेवारी १९५३मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेलात ती प्रदर्शनाची गाडी म्हणून आली आणि ३० जूनला फ्लिंटच्या कारखान्यात तिची पहिली विक्रीची गाडी बाहेर पडली. त्या वर्षी ३००च झाल्या, सगळ्या पांढऱ्या, आत लाल. बॉडी फायबरची ठेवल्याने पत्रा दाबण्याच्या महागड्या डायची वाट पाहावी लागली नाही. पण पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंगचे काम करते. फायबरमधून वीज जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला अर्थची वेगळी वायर लागली. याच गुणाचा एक उपयोगही त्यांनी केला: रेडिओची एरियल जाळी डिकीच्या झाकणातच, फायबरच्या थरात पुरली. फायबर बॉडीची विजेची गाडी करणाऱ्या मुलांचे दिवे मंद जळत असतील तर आधी मल्टिमीटरने अर्थची वायर तपासावी.

काचेच्या घुमटाचा मोह मुलांना फार असतो. १९५५च्या 'लिंकन फ्युचुरा'ला असे दोन घुमट होते. ती अडीच लाख डॉलर खर्चून घियानेच घडवली होती. नागपूरच्या दुपारी चौरस मीटरला ९०० वॅटच्या आसपास ऊन पडते. दीड चौरस मीटरचा घुमट असेल तर सव्वा किलोवॅटहून अधिक उष्णता आत येते, म्हणजे माणसाच्या डोक्यावर चालू हीटर. 'कॅडिलॅक सायक्लोन'च्या १९५९च्या घुमटावर म्हणूनच चांदीचा अतिपातळ लेप दिला होता. दुसरे असे की ॲक्रिलिक लोखंडाच्या जवळपास सहापट पसरते. डिसेंबरच्या पहाटे १० अंश आणि मेच्या उन्हात ७० अंश धरले तर एक मीटर ॲक्रिलिक चार मिलिमीटरहून अधिक वाढते, खालची लोखंडी चौकट पाऊण मिलिमीटर. बोल्ट घट्ट आवळला असेल तर पहिली भेग भोकापासूनच निघते. भोक लांबट ठेवावे, खाली रबर द्यावे आणि बोल्ट पुरता आवळू नये.

एक गाडी तपासायचीच राहून गेली, तिचा उल्लेख करायला हवा. क्रायसलरची 'नॉर्समन' घियाने पंधरा महिने खपून बनवली. तिच्या छताला पुढचे खांब नव्हते, सगळा भार मागच्या बाजूने पेलला होता. हे छत कितपत टिकते ते अमेरिकेत पाहायचे होते. 'आंद्रेआ डोरिया' जहाजातून ती निघाली आणि २६ जुलै १९५६ला जहाजाबरोबर बुडाली. खांबाविना छताचे उत्तर तिच्याबरोबरच गेले.

यापुढे अशा गाडीचे चित्र छापताना त्याखाली चार गोष्टी द्याव्यात, ही विनंती: पूर्ण मापाची होती की मॉडेल, स्वतःच्या ताकदीवर चालली का, बॉडी कशाची आणि चाचणीत काय बिघडले. महाविद्यालयांच्या प्रदर्शनांतही मॉडेलशेजारी असाच फलक लावायला सांगता येईल. आयोजकांनी रमण विज्ञान केंद्राला विचारून पाहावे. मातीचे अर्धे मॉडेल, प्लास्टरचा उघडा साचा आणि त्यातून निघालेला फायबरचा भाग, असे तिन्ही शेजारी मांडायला सहा फुटांचे एक टेबल पुरते.

आपला,
ऑटोमोबाइल विषयाचा एक शिक्षक,
धरमपेठ, नागपूर